पानाखालचा नंबर

काष्टीच्या जनावरांच्या बाजारासाठी अप्पांनी वेबसाइट केली, तेव्हा प्रत्येक बैलाला, म्हशीला वेगळं पान दिलं. तळाशी मात्र सगळीकडे एकच छोटी फाईल जोडली: ‘अडचण आली तर अप्पांना विचारा’ आणि त्यांचा नंबर. अप्पा वारले, तरी फोन येतच राहिले. “अप्पा हायेत का? साइटवर आमची म्हैस उलटी दिसतीया.” आई थकल्या आवाजात सांगायची, “ते गेले, दादा. म्हैस सरळ करायला आता कोन न्हाई.” मग पलीकडचा माणूस अप्पांचं काहीतरी सांगत बसायचा. लेकीला आईची दमणूक बघवेना. तिने ती फाईल उघडून अप्पांच्या जागी स्वतःचं नाव घातलं, नंबर घातला. एका ठिकाणी पुसताच अप्पा सगळ्या पानांवरून गेले. दुसऱ्या दिवशी कातरवेळी आई त्यांचा फोन घेऊन आली. “बघ गं, बिघडलाय का? आज त्यांना कुनीच विचारलं न्हाई.”