म्हाताऱ्या नटाचा शेवटचा प्रयोग

मंगळवार पेठेतलं दुकान बंद करून रुद्राप्पा घरी आले, तर महादेवी आजही मोबाइलवर त्या म्हाताऱ्या जर्मन नटाचं नाटक लावून बसलेली. चाळीस वर्षं नाटका-सिनेमांतून लोकांना हसवलेल्या त्या माणसाचा हा शेवटचा प्रयोग. गेले सहा महिने ती रोज हेच बघत होती. आज मात्र रुद्राप्पांचं डोकंच फिरलं.

"त्याच मुलखात आपलं पोरगं मेलं, आन् तू त्यांचं इनोद बघतीस? एक शबूद तरी कळतोय का तुला?"

"न्हाय कळत," महादेवी म्हणाली.

मोबाइल हिसकावून घ्यायला त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात नट काहीतरी बोलला. सगळं थिएटर हसलं आणि शांत झालं. मग मागच्या अंधारातून एकटंच कुणीतरी खदखदून हसलं, शेवटी ठसका लागेपर्यंत. नट थांबला, त्या दिशेला बघून हसत कमरेत वाकला.

रुद्राप्पांचा हात तसाच राहिला. तो ठसका त्यांनी सव्वीस वर्षं याच घरात ऐकला होता.

"सोमूला त्यांची भाषा जरा उशिरा कळायची की," महादेवी म्हणाली. "बंद करू नगासा. अजून दोनदा हसतोय."