चार पॅडांचा ड्रम

प्रमिलाने खोका काउंटरवर असा आदळला की मगनभाईचा चहा बशीत सांडला.

"हे भंगार परत घ्या, शेठ. आमचं वाटोळं केलं याने."

"अरे बेन, आठ महिने वाजवलं आणि आता भंगार?" मगनभाईने बशी बाजूला सारली. "शिकणाऱ्यासाठी एवढ्या स्वस्तात अशी वस्तू अख्ख्या सुरतेत मिळणार नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

तिचा नवरा योगराज दुकानाच्या पायरीपाशीच उभा राहिला होता. त्याला यायचंच नव्हतं. तीच त्याला दंडाला धरून गोडादऱ्याच्या चाळीतून घेऊन आली होती.

आठ महिन्यांपूर्वी याच दुकानात दोघं किती हौसेने आली होती! योगराज पारोळ्याकडच्या आपल्या गावी वरातीत ढोल वाजवायचा. सुरतेला आला आणि चौदा वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला. मग कळलं की लिंबायतच्या सुकलालला त्याच्या ऑर्केस्ट्रात पॅड वाजवणारा माणूस हवा आहे, तोही कायमचा. ते काम मिळालं तर लूम सुटणार होता. प्रमिलाला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. तिचा भाऊ लूमची रुई छातीत घेऊन मेला होता. नवरा तरी धडधाकट बाहेर काढायचा, एवढाच तिचा ध्यास.

खोलीत ढोल बडवायची सोय नव्हती. दोन्हीकडचे शेजारी रातपाळीवाले, सकाळभर झोपलेले. ते काय ऐकून घेतात! म्हणून हा विजेवर चालणारा चार पॅडांचा ड्रम. त्याला स्वतःचा स्पीकर नाही, हेडफोन लावला की आवाज फक्त वाजवणाऱ्याला. मगनभाईने दुकानातला नमुना मोठ्या स्पीकरला जोडून दाखवला. योगराजने स्पीकरवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि मान डोलावली. माणूस पारखी आहे, असं प्रमिलाला वाटलं. पायाने वाजवायचं पेडल वेगळं विकत मिळत होतं. ते पुढे बघू म्हणून दोघं सीलबंद खोका घेऊन घरी आली.

चाळीतल्या गणपतकाकांनी जन्मभर ढोलकी वाजवली होती. ड्रम बघून त्यांनी नाक मुरडलं.

"योगराज, या खेळण्यावर हात बसेल रे बाबा. कान नाही बसायचा."

प्रमिलाला असा राग आला! म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, दुसरं काय?

रोज सकाळी पाळीवरून आला की योगराज हेडफोन चढवून बसायचा. खोलीत नुसतं टपटप, टपटप. हाक मारली तर पत्ता नाही. हेडफोन काढल्यावरही त्याचं पालुपद ठरलेलं, "समोर ईसन बोल ना!" लूमच्या खडखडाटात ही माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. चौदा वर्षांची खोड, ती घरी कशी सुटेल?

मग ती समोर जाऊन विचारायची, "आवाज कसा शे?"

"एक नंबर शे!"

तेवढं ऐकलं की तिला पुढच्या भाकरी थापायला हुरूप यायचा. एकदा त्यांच्या हर्षदाने हेडफोन मागितला तर तो वस्सकन पोरीच्या अंगावर गेला. पोरगी मुसमुसत बसली. नाजूक वस्तू आहे बाई, पप्पांचं काम आहे त्याच्यावर, असं प्रमिलानेच तिला समजावलं.

परवा सुकलालने परीक्षा घेतली. योगराजचा हात काय पडत होता! एक ठोका इकडचा तिकडे नाही. प्रमिलाने मागच्या बाकावर बसून पदराने डोळे टिपले. अर्ध्या गाण्यात गाणारी बाई थांबली. पेटीवाला थांबला. सुकलालने हात वर केला. योगराज पॅडांवर नजर खिळवून वाजवतच होता. वाजवतच राहिला. लोक हसायला लागले, शेवटी सुकलालने येऊन त्याचं मनगट धरलं.

"हात सोन्याचा आहे वहिनी," तो प्रमिलाला म्हणाला, "पण हा दुसऱ्याचं ऐकतच नाही. स्वस्तातल्या मशीनवर एकट्याने शिकलं की हे असं होतं."

त्याने कडोदऱ्याचा माणूस घेतला. योगराज दुसऱ्या दिवशी मुकाट पाळीवर गेला. प्रमिलाच्या अंगाची नुसती आग झाली. गणपतकाकांचं खरं ठरलं, याने तर जास्तच.

"बघू तरी काय बिघडलंय," म्हणत मगनभाईने खोका उघडला. ड्रमला हेडफोन लावलेलाच होता. त्याने ड्रम काउंटरवर उभा धरला आणि खाली वाकून मागची भोकं न्याहाळली.

"ही वायर कोणी लावली?"

"यांनीच. पहिल्या दिवशी लावली, ती आजवर काढली नाही."

"बेन, ही तर पेडलच्या भोकात आहे." मगनभाईचा आवाज ड्रमच्या आडून आला. "हेडफोनचं भोक हे बाजूचं. त्याच्यावर कंपनीचा कागद अजून तसाच चिकटलेला आहे, हा बघा. आठ महिन्यांत यातून एक ठोकासुद्धा कोणाच्या कानात गेलेला नाही."

प्रमिलाने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

बायको गप्प झालेली बघून योगराजला हायसं वाटलं. तो पायरी चढून पुढे आला आणि ड्रमच्या मागे वाकलेल्या मगनभाईला हात जोडून म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका, शेठ. आवाज एक नंबर शे."