एक 'त्त' कमी

"आधी ऋणनिर्देश वाच," प्राध्यापक म्हणाले. "सावकाश. स्वल्पविरामांसकट."

छापखान्याचा माणूस शेवटचं प्रूफ घेऊन आला होता आणि सही होईपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर टेकला होता. प्राध्यापकांच्या बायकोने चष्मा लावला. काचबिंदूने त्यांची नजर गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या सांख्यदर्शनावरच्या ग्रंथाचे डोळे तिचे, हात तिचे. तोंड मात्र त्यांचं. पाचव्या प्रकरणात ते स्वतःच्याच युक्तिवादात अडकून बसले, तेव्हा गाठही तिनेच सोडवली होती. "मी हेच म्हणत होतो," म्हणून त्यांनी ती उकल लिहून घ्यायला लावली.

ऋणनिर्देशाचं हे एकच पान त्यांनी तिला न सांगता थेट छापखान्यात फोनवरून सांगितलं होतं. त्यामुळे गेले आठ दिवस ती आपली मनातल्या मनात खुशीत होती.

आभार मानायला हात सढळ होता. गुरुजी होते, दोन ग्रंथपाल होते, डोळ्यांचे डॉक्टर, मुखपृष्ठवाला, तीन जिने चढून पुस्तकं आणून देणारा शिपाईही होता. तिने पान उलटून पाहिलं. पलीकडची बाजू कोरी होती.

"अहो, कुणी राहिलं तर नाही ना?"

प्राध्यापकांनी कपाळ चोळलं. "राहिलं खरं. बरी आठवण केलीस."

तिने पेन उचललं.

"तो चष्मेवाला. नजर होती तोवर त्यानेच तर निभावून नेलं माझं. घाल त्याला. शिपायाच्या आधी."

तिने घातलं. शिपायाच्या आधी.

"आता पहिलं प्रकरण. व्याख्येचं वाक्य."

पानावर छापलं होतं : 'प्रकृतीपासून महत्त्व उत्पन्न होते आणि महत्त्वापासून अहंकार.' मूळ शब्द 'महत्तत्त्व'. टाइप करणाऱ्याला तो अडखळल्यासारखा वाटला असावा. दोन-दोन 'त्त' कशाला, म्हणून त्याने शहाणपणाने एक उडवला होता.

"प्रकृतीपासून महत्तत्त्व उत्पन्न होते," तिने मोठ्याने, स्पष्ट वाचलं, "आणि महत्तत्त्वापासून अहंकार."

"वा." प्राध्यापक खुलले. छापखान्याचा माणूस बसला असेल त्या अंदाजाने वळून म्हणाले, "कळलं का? महत् म्हणजे बुद्धी. तुमची-माझी नव्हे, अख्ख्या विश्वाची. सगळं तिच्यामुळे चालतं, पण तिच्यात 'मी' नसतो. तो मागून येतो आणि सगळं आपल्या नावावर करून घेतो."

"असतात बुवा एकेक," घड्याळाकडे बघत तो माणूस म्हणाला.

पेनाचं टोक त्या शब्दावर जरा वेळ थांबलं. मग तो छापला होता तसाच ठेवून खाली सरकलं. 'छापण्यास हरकत नाही,' तिने लिहिलं आणि प्राध्यापकांची सही केली. सहीसुद्धा चार वर्षं तीच करत होती.

"तीस वर्षं घातली त्या एका वाक्यापायी," प्राध्यापक म्हणाले. "आता त्यातलं अक्षर कुणाच्या बापाला बदलता यायचं नाही."

"बदलायचं कशाला?" पानं त्या माणसाच्या हातात देत ती म्हणाली. "खरंच आहे ते."