पंखा बंद केल्यावर

"वहिनी, पोरीचं लक्ष टिकत नाही, कुणाला तरी दाखवा," नणंद म्हणाली तेव्हा आईनं हसण्यावारी नेलं होतं. आज शाळेत नवी भाषा शिकवणाऱ्या बाई आईला म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी. खालच्या वर्गात बसवतोय तिला." आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारचा वर्ग ओरडून शब्द घोकत होता, वर पंखा खडखडत होता आणि लेक पंख्याकडेच बघत होती. आईनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. "आता विचारा." बाईंनी नव्या भाषेत सुट्टीबद्दल विचारलं, तर लेकीनं त्याच भाषेत सुट्टीतलं अख्खं भांडण शिव्यांसकट सांगितलं. "मग रोज दातखीळ का बसते?" बाईंनी विचारलं. "रोज पंखाच जास्त बोलतो," लेक म्हणाली. "पण खालच्या वर्गासाठी नाव वर कळवलंय," बाई म्हणाल्या. "वरच्यांना बोलवा." आई बाकावर ठाण मांडून बसली. तुमच्याकडेही एखादं पोर मठ्ठ ठरलंय? आज त्याच्याजवळ बसा, काय ऐकू येतं ते विचारा.