स्विचवरचं बोट

"दाबून धरलं की दिवा लागतो, सोडलं की गेला," गुणाजी म्हणाला. फिल्म स्कॅनरच्या मागच्या स्विचला त्याने पुन्हा एकदा कथलाचा डाग देऊन पाहिला होता. आतली पत्री जळून गेली होती. तिच्यावर डाग धरत नव्हता.

"सोडा हो गुणाजी," रमाकांत म्हणाला. "उद्या भंगारवाला नेणारच आहे त्याला."

चिंचपोकळीतला रमाकांतचा फोटो स्टुडिओ बंद होत होता. जुन्या निगेटिव्हवरून फोटो काढून देणारं आसपास दुसरं कुणी उरलं नव्हतं.

बाकावर काशीबाई बसली होती. जगनची, तिच्या गिरणी कामगार नवऱ्याची, एकच निगेटिव्ह तिच्याकडे होती. गिरणी संपाच्या वर्षी गणपतीत शेजाऱ्याने काढलेली. तेव्हा चूल पेटायची मारामार, प्रिंट कोण काढणार? मग जगन गावी गेला, तो तिकडेच वारला. भिंतीवर लावायला फोटो नाही. निगेटिव्ह उजेडात धरली तर सगळं काळपटच दिसायचं.

"हल्ली डोळे मिटले तरी तोंड आठवत नाही त्याचं," असं ती मघाशी म्हणाली, तेव्हापासून गुणाजी हट्टाला पेटला होता. तो दुसऱ्या गिरणीतला वायरमन. जगनला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

त्याने स्विच दाबून धरला. म्हातारा हात थरथरला, मशीन बंद. पुन्हा तेच.

"सरका भाऊ," काशीबाई उठली. "गिरणीच्या वाइंडिंगात सूत गुंडाळण्यात जन्म गेला माझा. हात नाही हलायचा."

मशीनमागे वाकून तिने स्विचवर बोट दाबलं. तिथून तिला स्क्रीन दिसत नव्हता. रमाकांतने कॉम्प्युटरवर बटण दाबलं. स्कॅनर घरघरला, आणि चित्र रेघेरेघेने वरून खाली उतरू लागलं.

"काय दिसतं?"

"केस. भांग डावीकडे," गुणाजी स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"डावीकडेच! तेल चोपडून बसायचा मेला." तिचं नख दाबून दाबून पांढरं पडलं होतं.

मग कपाळ आलं. कपाळाखाली नुसता चट्टा. डोळे, नाक, तोंड, सगळं बुरशीने खाल्लं होतं. त्याखाली सदऱ्याची कॉलर तेवढी शाबूत. रमाकांतने गुणाजीकडे पाहून मान हलवली.

"बोला ना भाऊ. आला का?"

"आला," गुणाजी म्हणाला. "अगदी स्वच्छ. हसतोय की चांगला, दात दाखवून."



"भाऊ," मशीनमागून काशीबाई हळूच म्हणाली, "गिरणीत साच्यावर कापड विणताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून ओढून त्याचे पुढचे दात कधीच पडले होते. फोटोला तोंड मिटूनच बसला होता."

आणि तिने स्विचवरचं बोट उचललं.