निळ्या पडद्याचं दुखणं

त्या दिवसात तिसऱ्यांदा पडदा निळा झाला, तेव्हा मृणाली मीटिंगमध्ये बोलत होती. वाक्य अर्धंच राहिलं. पुण्यातल्या सात माणसांसमोरून ती नाहीशी झाली आणि आंजर्ल्याच्या घरात, टेबलापाशी एकटीच उरली.

तिने पडद्यावरचा एररचा नंबर वहीत उतरवला. असे अकरा नंबर झाले होते आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. ड्रायव्हर नवे टाकून झाले, अँटिव्हायरस काढून झाला, विंडोज पुन्हा भरून झाली. तास-दोन तास बरं चालायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सासरे आत्माराम जन्मभर बोटीवर होते, आता नवरा सुजय होता. या घराची रीत अशी, की माणूस दर्यावर असेपर्यंत त्याच्या नावाचा दिवा तिन्हीसांजेला बायकोनेच लावायचा. एकही सांज चुकवायची नाही. सासू येसूबाईंनी तो तीस वर्षं लावला. आई वारली तेव्हाही त्या हेदवीला माहेरी रात्रभर राहिल्या नव्हत्या. सुजय यायला अजून सात महिने होते. पुण्याच्या ऑफिसात परत जाण्याची गोष्ट मृणालीने एकदा काढून पाहिली होती.

"घरून चालतंय ना काम?" एवढंच आत्माराम म्हणाले आणि विषय मिटला.

चालत होतं, म्हणून तर तिचा जीव तगून होता. नोकरी गेली की मग चूल, अंगण आणि दिवा.

दुरुस्तीचं दुकान दापोलीत, येसूबाईंच्या बहिणीच्या मुलाचं, गुरुप्रसादचं. परतीची एसटी तिन्हीसांजेच्या आत पोहोचवेल याचा नेम नाही, म्हणून मृणालीला जाता यायचं नाही. शनिवारी येसूबाईच लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून जायच्या. पहिल्या खेपेला तो नुसता गरम होतो म्हणून धूळ काढायला नेला, तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं. पुढच्या तीन खेपांत उतार पडायच्या ऐवजी ते वाढतच गेलं. गुरुप्रसाद फोनवर शपथेवर सांगायचा, की वहिनी, एकूण एक भाग तपासला, सगळं ठणठणीत आहे.

"यंत्राला पण नजर लागते हो," येसूबाई म्हणाल्या.

मृणालीला सासूचा संताप आला. म्हातारीला हे यंत्र घरात नकोच आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं. नवा लॅपटॉप मागावा, तर तो सुजय आल्यावर घेऊ, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलेलं.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. सोमवारपासून ऑफिसात येऊन कंपनीच्या कॉम्प्युटरवर बसा, नाहीतर राजीनामा द्या. तिने ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं.

आत्माराम अंगणात बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. आपली सून पुण्याच्या कंपनीत आहे, हे त्यांनी गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांपासून हर्णैच्या बंदरापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. आता तिला कंपनीने काढलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"कंपनीने बोलावलंन तर जायला हवं," ते शेवटी म्हणाले. "पण दिवा?"

येसूबाईंनी मान वर केली नाही. "रीत मोडते खरी. पण इलाज नाय. मी लावीन."

रविवारी निघताना मृणाली पाया पडली तेव्हा येसूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या आत निघून गेल्या. दरवाजाबाहेर पाऊल टाकताना मृणालीला हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

दापोली स्टँडवर गुरुप्रसाद वाट पाहत होता. त्याने तिची बॅग पुण्याच्या गाडीत चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी थांबला. कंडक्टरने घंटी मारली तशी त्याने खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातात ठेवली.

"ही तुमच्या लॅपटॉपची मूळची मेमरीची पट्टी. आत आहे ती मीच घातलेली खराब आहे, फेकून द्या," तो गाडीबरोबर चालत म्हणाला. "मावशीने बजावलंन होतं, वहिनी पुण्याच्या गाडीत बसल्याशिवाय ही परत द्यायची नाही."