माग कापला

ताण्याचा उभा दोरा पुन्हा तटकन तुटला, आणि मागाच्या खड्ड्यात बसलेल्या कोंडाजीने हातातला आडव्या सुताचा धोटा बाजूला टाकला.

"सूत कच्चं कातलंस गो," तो म्हणाला.

रंगूबाई दाराशी लोकर पिंजत बसली होती. लग्न होऊन या डोंगरातल्या वाडीत आल्यापासून तिने कातावं आणि त्याने विणावं, असंच चाललं होतं. तिचं सूत कच्चं निघालं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बाहेर पाऊस धरून होता. पोलादपूरला उतरणारा रस्ता दरड येऊन बंद पडला होता. मागावरची घोंगडी मुंबईच्या एका दुकानासाठी होती. दुकानाची बाई स्वतः येऊन माग बघून गेली, घोंगडीवर हात फिरवून म्हणाली, "अशाच आणखी लागतील." तेव्हापासून कोंडाजी जेवायलासुद्धा खड्ड्यातून उठायला मागत नव्हता. वाडीतले बाकीचे माग कधीच चुलीत गेले होते.

त्याने दोऱ्याला गाठ मारली, ताणा थोडा सैल केला आणि पुन्हा धोटा फेकला. जरा वेळ गेला. दोरे आपोआप ताठ होत गेले. बोट लावलं तर वाजतील इतके ताठ. मग कडेचे दोन एकदमच तुटले.

पावसाळी हवेत लोकर सैलावते. ताणा ढिला पडतो, ताठत नाही. रंगूबाई पिंजण ठेवून उठली आणि ताण्याच्या कडेकडेने पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे जमिनीत गाडलेल्या खुंटाला ताण्याचं टोक बांधलेलं होतं. सासऱ्याच्या हातचा खुंट, मनगटाएवढा जाड, घट्ट बसलेला. तो दरीच्या बाजूला कलला होता. त्याच्या बुडाशी, सकाळीच सारवलेल्या जमिनीला, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक भेग गेली होती.

तिने भेगेत बोट घातलं. अख्खं बोट आत गेलं. आतून गार वारा लागला.

"अवो," ती म्हणाली, "सूत नाय तुटत. खुंट चाललाय खाली."

"पावसानं जमीन फुगली आसंल."

"बाहेर या."

"वीतभर राह्यलीय गो. एवढी उतरवतो, मग येतो."

तो वीतभर विणून झाल्याशिवाय उठणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मागावरची अर्धी घोंगडी कुणी सोडत नाही, कापत तर नाहीच. विणणारा गेला तरच कापतात. सासरा गेला तेव्हा त्याच्या मागावरची सासूने रडत रडत कापली होती.

रंगूबाईने आढ्याला खोचलेला कोयता काढला आणि सगळ्या ताण्यावरून एका दमात ओढला. दोरे सुटून कोंडाजीच्या तोंडावर आले.

तो पांढराफटक पडला. "माझ्या जितेपणी माग कापलास?"

"तुमी जिते हाव म्हणूनच कापला. उठा."

तो उठला. तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

घराघरापुढे उभं राहून तिने हाका मारल्या. ताण्याचे दोरे तुटतायत, जमीन खाली चाललीय, घळीपलीकडच्या सोंडेवरच्या शाळेत चला, म्हणाली. कुणी लगेच निघालं, कुणी कुरकुरत निघालं. शेजारची चंपाबाई गोठ्यात म्हशीखाली बसली होती.

"धार काढून येते. तू हो पुढं."

"चंपे, ऱ्हाऊ दे धार. म्हस सोड आन चल."

"आटंल गो ती, एक वेळ चुकली तर." चंपाबाईने हसून आपला हात सोडवून घेतला. "आलेच म्हणून समज."

शाळेच्या पडवीत माणसं दाटीवाटीने बसली. समोर, घळीच्या पल्याड, वाडी होती तशीच दिसत होती. पाऊस जरा उघडला. पोरं भुकेने रडू लागली, तशी मोठ्यांची तोंडं सुटली.

"काय झालंय वाडीला? हाय तिथंच हाय," चांगू म्हातारा म्हणाला. "बाईचं सूत तुटलं म्हणून आमी भिजायचं व्हय?"

दोघं-तिघं हसले. माघारी जायला उठलेही.

कोंडाजी खांबाला टेकून बसला होता. मान खालीच ठेवून तो बोलला.

"हिचं सूत तुटत नाय."

त्याचा आवाजच असा होता की उठलेले जागीच थांबले. रंगूबाईने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती वाटेकडे बघत होती. वाटेवर चंपाबाई नव्हती.

मग तिची नजर वर गेली. चंपाबाईच्या गोठ्यापुढचा फणस उभाच्या उभा, फांदीसुद्धा न हलवता, हळूहळू दरीकडे निघाला होता. त्याच्या मागोमाग कुंपण. कुंपणामागे गोठा.

"चंपेऽऽ!" रंगूबाई ओरडली.

घळीपलीकडून अजून कसलाच आवाज आला नव्हता.